कागदात न मावलेली ओळ

साहेब, तुम्ही एका बाईला नापास केलंत. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं. चुकून नापास केलं असतंत तर मी गप्प बसलो असतो, कारण चुका माझ्या हातूनही ढिगाने झाल्या आहेत. पण तुम्ही समजून उमजून केलंत आणि परीक्षा कार्यालयातल्या मोठ्या टेबलामागे बसून हात वर केलेत.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं सायक्लोस्टाइल यंत्र आहे. शाळेच्या जिन्याखाली जी अडगळीची खोली असते ना, तिथे मी पडून आहे. एका अंगाला पाय मोडलेली तीन बाकं, दुसऱ्या अंगाला हवा गेलेले फुटबॉल. पाठीवर फाटकं मेणकापड. जिन्यावरून तुम्ही धावत जाता तेव्हा माझ्या डोक्यावर चुना पडतो. महिनाअखेरीला भंगारवाला मला न्यायला येणार आहे, आणि खरं सांगतो, मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मी थकलो आहे. रागवायलासुद्धा जीव लागतो. म्हणून जे सांगायचं ते एकदाच सांगतो.

माझ्या लहानपणीची हकिगत थोडक्यात उरकतो, कारण तिच्यात विशेष काही नाही. एका कारखान्यात माझा साचा ओतला गेला. पोटात पोकळ लोखंडी ड्रम बसवला, बाजूला दांडा लावला, काळा रंग दिला. मी लाकडी खोक्यात बसून या शाळेत आलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः खोकं उघडलं होतं. तेव्हा घरोघर प्रिंटर नव्हते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सही नव्हती. मेणाचा हात दिलेला एक पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाइपरायटरची रिबन काढून त्याच्यावर टाइप केलं की अक्षरांच्या जागी मेण कापलं जायचं. तो कागद माझ्या ड्रमवर चढवायचा, पोटात शाई भरायची आणि दांडा फिरवायचा. एका फेरीला एक प्रत. मी चाचणीचे पेपर छापले, सहलीच्या सूचना छापल्या, पालकांना दमात घेणारी पत्रं छापली. सगळे म्हणायचे, यंत्र गुणाचं आहे. ज्याच्याकडून काम होतं त्याला सगळेच गुणाचं म्हणतात.

माझा दांडा फिरवायची शाईमावशी. ती शाळेत शिपाई होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण तिच्या नखांतली शाई कधी निघायची नाही म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं, आणि तिनेही ते लावून घेतलं. शिक्षण चौथीपर्यंत. तिचे वडील दोर वळायचे. दोर वळणारा माणूस पीळ देत देत उलटा मागे चालत जातो, हे तुम्ही पाहिलं आहे का? तिचे वडील तसे मागे चालताना एक लांबच लांब काव्य म्हणायचे. एक दोर पुरा होईस्तोवर एक सर्ग पुरा व्हायचा. दुसरं टोक धरून ही पोर उभी असायची. असं करत करत बारा सर्ग तिच्या डोक्यात बसले. पुढे दोराची जागा माझ्या दांड्याने घेतली. एका प्रतीला एक चरण. चारशे पेपर छापायचे असले की चारशे चरण.

त्यामुळे मित्रांनो, मी शाळेत कधी वर्गात बसलो नाही, पण महाकाव्य म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. ते दमवतं. ते मधूनच सुरू होतं. पहिल्याच चरणात माणसं वाळवंटात अडकलेली असतात आणि ती तिथे कशी आली हे चौथ्या सर्गात कळतं. मीही आज रागाच्या भरात तसंच केलं. त्यात याद्या असतात, कोणाबरोबर किती माणसं, किती जनावरं, कोण कोणाचा पुत्र. मावशी यादीला आली की दांडा झपाझप फिरायचा. आणि त्यात नायक असतो. मोठ्या घराण्यातला, दांडगा, शब्दाला पक्का. आमच्या काव्यातला नायक आपल्या लोकांना दुष्काळी मुलखातून पाण्याकडे घेऊन निघतो. कोणाचं ऐकत नाही. जवळची वाट म्हणून मिठाचं रान निवडतो, आणि म्हातारीकोतारी माणसं तिथे तहानेने जातात. पाणी सापडतं, सगळे जयजयकार करतात. नवव्या सर्गात तो घोड्यावरून उतरतो. इथे आली की मावशी दांडा हळू करायची.

उतरला घोड्यावरून, ठेवली तलवार खाली,
म्हणाला, मी वाट चुकवली, म्हणून ही वेळ आली.
सांगा गेलेल्यांची नावं, ऐकेन उभा राहून,
हलणार नाही इथून मी उत्तर दिल्यावाचून.

मग पुन्हा एक यादी येते, गेलेल्यांच्या नावांची. ती मात्र मावशी झपाझप म्हणत नसे.

त्या काळी शाळेत एक तरुण सर होते. भाषा शिकवायचे. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन बसायचे आणि मावशीला म्हणायचे, "मावशी, कालचा धागा कुठे सुटला होता?" ती म्हणायची, "धागा नाही सर, दोर. आणि तुमचा चहा निवतोय." पण सांगायची. सरांनी आख्खा नववा सर्ग तिच्याकडून उतरवून घेतला होता. माणूस मनापासून ऐकायचा, हे मी नाकारणार नाही.

एकदा आसपासच्या शाळांतल्या भाषाशिक्षकांचं शिबिर ठरलं. सरांनी त्यांना वाटायला एक टिपण लिहिलं, महाकाव्याच्या नायकाची लक्षणं. थोर कुळ, अचाट शौर्य, दैवी शक्तीची साथ, लांबचा खडतर प्रवास, दिलेल्या शब्दाला जागणं, शत्रूलाही मान देण्याइतकं मोठं मन, मरणाला न भिणं. आणि आठवं, आपली चूक सगळ्यांसमोर मान्य करून तिचं उत्तर देणं. त्याखाली सरांनी लिहिलं होतं, 'हे नसेल तर वरची सातही लक्षणे एखाद्या दांडगटात सापडतात.' त्या काळी त्यांना असं लिहिता येत होतं.

टायपिस्ट काकांनी स्टेन्सिल कापलं. स्टेन्सिल लांब होतं, आणि काकांनी ते वरपासून खालपर्यंत भरलं. पण त्या महिन्यात कोठारात लांब कागदच नव्हता, आखूड आला होता. मावशीने पहिली प्रत काढली, उजेडात धरली आणि थांबली.

"काका, खालचं कापलं गेलंय. आठवं आलंच नाही."

"अगं बाई, कागद आखूड आहे. मी काय ओढून लांब करू?"

"मग परत टाइप करा की, वरची जागा जरा कमी सोडून."

"अडीच तास बोटं झिजवली आहेत मी. आठातलं एक गेलं तर कोणाच्या बापाचं काय जातंय? सात राहिलीत की. घसघशीत आहेत."

मावशी गेली सरांकडे. सर शिबिराला निघाले होते, एक पाय पायरीवर, एक पाय रिक्षात. तिने प्रत पुढे केली. त्यांनी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, घड्याळ पाहिलं. "असू द्या मावशी, तोंडी सांगतो मी," ते म्हणाले. आणि साठ प्रती घेऊन गेले. तोंडी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. शिबिरात मला कोणी नेलं नव्हतं.

चूक इथवर माझी, काकांची, कोठाराची आणि सरांची, चौघांची होती. साधी चूक होती. गंमत पुढे आहे, आणि तिचं हसू येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टिपण हवं झालं. मूळ हस्तलिखित शोधायचा कंटाळा, म्हणून काकांनी छापील प्रत समोर ठेवून नवं स्टेन्सिल कापलं, आणि मथळ्यात आपल्या मनाने एक शब्द घातला, 'सात'. नायकाची सात लक्षणे. कानाला कसं छान वाटतं. दुसऱ्या शाळांनी आमचं पाहून छापलं. गाईडवाल्याने दुसऱ्या शाळांचं पाहून छापलं. मग परीक्षेत प्रश्न आला, सात लक्षणे लिहा, सात मार्क. मुलं फेऱ्या मारत पाठ करू लागली. एखाद्याने विचारलं, सातच का, तर उत्तर मिळायचं, पुस्तकात सात आहेत. कागद आखूड होता म्हणून, असं सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

आणि सर? सरांनी पहिल्या वर्षी भुवई उंचावली. दुसऱ्या वर्षी खांदे उडवले. तिसऱ्या वर्षी ते सात लक्षणांवर भाषण द्यायला गेले. हळूहळू शाळा सोडून परीक्षा कार्यालयात गेले आणि साहेब झाले.

मी मात्र इथेच राहिलो. झेरॉक्स आली, संगणक आला, आणि मला एका सोमवारी दोघांनी उचलून जिन्याखाली ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवी यंत्रं माझ्यापेक्षा साफ छापतात. तक्रार इतकीच की ठेवताना कोणी पोटातली शाई पुसली नाही. शाई आत सुकली की यंत्राला काय होतं ते यंत्रालाच ठाऊक. मावशी तेवढी अधूनमधून झाडू घेऊन यायची, मेणकापड झटकायची, दांड्यावर हात ठेवून दोन चरण म्हणायची आणि जायची.

मागच्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस हवा झाला. शिपाई म्हणून इतकी वर्षं जिने झाडलेल्या मावशीला ती जागा हवी होती. तिचे गुडघे गेले होते, आणि शिवाय पुस्तकं. ती पुस्तकांवरची धूळ अशी पुसायची की जणू कोणाचं तोंड पुसते आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जागा तुमचीच मावशी, पण दहावी पास पाहिजे. तेवढं करा." मावशीने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. तिची धाकटी लेक त्याच वर्षी दहावीला होती. शाळा सुटल्यावर दोघी या खोलीत मोडक्या बाकावर बसून अभ्यास करायच्या, कारण घरी पाहुण्यांचा राबता फार.

"आई, म्हण. थोर कुळ, अचाट शौर्य, दैवी साथ."

"म्हटलं. पुढे?"

"पुढे तूच म्हणायचं. मी विचारतेय, तू विद्यार्थिनी आहेस."

"मला आठवं आधी येतं."

"आठवं नाहीच आहे. सातला सात मार्क. आई, हुशारी दाखवायची नाही हं. मला माहितीये तू दाखवणार."

"नवव्या सर्गात काय आहे मग? तो घोड्यावरून खाली कशाला उतरतो, पाय आखडले म्हणून?"

लेक हसली आणि पुस्तक डोक्यावर ठेवून म्हणाली, "माझ्या वर्गात असतीस ना, तर रोज बाकावर उभी राहिली असतीस."

प्रश्न आला. नेहमीचाच. मावशीने सहा ओळींत सात लक्षणं उरकली नाहीत. तिने एकच लिहिलं, आठवं. दोन पानं. मिठाचं रान, तलवार खाली ठेवणं, नावांची यादी, सगळं. शेवटी लिहिलं, 'बाकीची लक्षणे नायकाला लढाई जिंकून देतात. हे लक्षण त्याला नायक करते.' तपासणाऱ्याने तिच्या दोन्ही पानांवर तिरकी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हे लक्षण नाही.' सातपैकी शून्य. लेकीला सातपैकी सात. मावशी भाषेत तीन मार्कांनी नापास झाली. जन्मभर जे तोंडात होतं त्याच विषयात.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवून ती इथे घेऊन आली. लेक रडत होती, मावशी नाही. ती म्हणाली, "तू पास झालीस ते बरं झालं. आता डोळे पूस आणि ते कपाट उघडायला हात लाव." जुनी स्टेन्सिलं वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवायची पद्धत होती, पुन्हा लागली तर असावीत म्हणून. दोघींनी तीन दिवस कपाट उपसलं. तिसऱ्या दिवशी ते सापडलं. लांब स्टेन्सिल. खिडकीशी धरलं तर आठही ओळी उजेडात दिसत होत्या, आणि खाली कोपऱ्यात सरांची सही. स्टेन्सिलवर लेखणीने कोरलेली.

नवीन वर्गखोल्यांच्या उद्घाटनाला साहेब पाहुणे म्हणून शाळेत आले, तेव्हा मावशी त्यांना जिन्याखाली घेऊन आली. ते वाकून आत शिरले. "अरे, हे अजून आहे का," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग मावशीने स्टेन्सिल खिडकीशी धरलं. ते बराच वेळ वाचत राहिले. मी त्यांना तरुणपणी वाचताना पाहिलं आहे. ओठ तसेच हलत होते.

"माझंच वाक्य आहे," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी सर. मग माझं उत्तर बरोबर की चूक?"

"बरोबर आहे मावशी. पण उत्तरसूचीत नाही."

"मग सूचीत घाला. सूची तुमच्याच टेबलावर होते ना?"

ते खाली स्टुलावर बसले. "तुम्हाला कळत नाहीये. बावीस वर्षांचे पेपर तपासून झालेत या सातांवर. आज मी आठवं म्हटलं तर लोक विचारतील, आधी काय झोपला होतात? तुमच्यासारख्या आणखी किती निघतील, काय सांगावं? सगळं खोलावं लागेल."

"खोला की मग."

"पुढच्या फेरीला परत बसा. सात लिहा, पास व्हाल. मी स्वतः सांगतो."

"सात मला येतात सर. लेकीने घोटून घेतलेत. येत नाहीत म्हणून नाही सोडले."

साहेबांनी हात पुढे केला. "ते स्टेन्सिल माझ्याकडे द्या. मी बघतो काय करता येतं."

मावशीने ते दिलं नाही. तिने माझं मेणकापड ओढून काढलं. आधल्या दिवशीच तिने रॉकेलने माझं पोट धुतलं होतं, ते कशासाठी हे मला तेव्हा कळलं. जुन्या ट्यूबमधली उरलीसुरली शाई तिने आत पिळली, स्टेन्सिल ड्रमवर चढवलं आणि खाली लांब कागद लावला. लांब. कोठारातून मागून आणलेला. मग दांडा धरला. माझा सांधा न सांधा ओरडला. पहिल्या दोन प्रती काळ्याकुट्ट, तिसरी फिकी, चौथी वाचता आली. अकरा प्रती निघाल्या आणि स्टेन्सिल मधोमध फाटलं. इतकं जुनं होतं ते, अकरा निघाल्या हेच नशीब.

तिने एक प्रत साहेबांपुढे धरली. "ही तुम्हाला. आणि दुसरीवर पोच द्या, मिळाली म्हणून."

"मावशी, सही कशाला मागताय माझ्याकडे?"

"नववा सर्ग लिहून घेतलात तेव्हा मी मागितली नव्हती. आता मागते."

साहेबांनी प्रत घेतली, बोटांना लागलेली शाई रुमालाने पुसली. मग प्रत चार घड्या घालून खिशात ठेवली. सही केली नाही. वर टाळ्या वाजत होत्या, त्यांना भाषणासाठी बोलावत होते. ते वाकून बाहेर गेले. त्या दिवशी त्यांचं भाषण आदर्शांवर झालं, असं लेक सांगत होती.

मावशीने फेरतपासणीचा अर्ज केला. सोबत एक प्रत जोडली. पंधरा दिवसांनी छापील पत्र आलं, 'उत्तरसूचीनुसार मूल्यमापन योग्य आहे.' खाली साहेबांची सही. इथे मात्र केली. तिने दुसरा अर्ज केला, त्यात एवढंच विचारलं की उत्तरसूची बरोबर आहे का. त्याला चार महिने झाले. उत्तर नाही. ग्रंथालयाची जागा मुख्याध्यापिकांनी महिनाअखेरपर्यंत अडवून धरली आहे. पुढे त्यांच्या हातात नाही.

मित्रांनो, या ठिकाणी माझ्यासारख्या वस्तूंनी काय सांगायचं असतं ते मला माहीत आहे. यंत्रांची निगा राखा, शाई पुसून ठेवा, जुन्यांना विसरू नका. राखा निगा. पण मला तुमच्याकडून दुसरंच हवं आहे. तुम्हाला कोणी यादी दिली, पाठ करा म्हणालं, तर करा, मार्क मिळवा, मी अडवत नाही. फक्त एकदा विचारा की ही इथेच का संपते. विचारणाऱ्याला बाकावर उभं करतील, तर उभे राहा. मी जिन्याखाली येईपर्यंत दरवर्षी खोटी यादी छापली आणि एकदाही विचारलं नाही. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

आणि साहेब, तुम्ही. भंगारवाल्याचा हातोडा पडला की मी संपलो, माझी चिंता करू नका. स्टेन्सिल फाटलं आहे, काका केव्हाच गेले, आता आठवं कापलं गेलं तो दिवस पाहिलेली दोघंच माणसं आहेत, एक तुम्ही आणि एक जिने झाडणारी बाई. तिने आपली साक्ष दोन पानं भरून दिली, आणि तिच्यावर तुमच्या लोकांनी लाल रेघ मारली. तुमची बाकी आहे. तिला मेहेरबानी नको, पुढच्या फेरीचा सल्ला नको. चार महिन्यांपूर्वीचा तिचा अर्ज काढा, आणि ते आठवं वाक्य तुम्ही लिहिलं होतं की नव्हतं, तेवढं त्याच्यावर आपल्या हाताने लिहून खाली सही करा. लिहिलं होतं, साहेब, की नव्हतं?